कोंबड्याच्या मानेची पिसं

मासे धरायच्या गळाला मी पिसांची नकली माशी बांधतो. एकदा हवी तशी तांबडी पिसं पिंपळगाव रेणुकाईत सखूमावशींच्या कोंबड्याच्या मानेवर दिसली. लगेच मागायला गेल्तो.

"कशाला रे? करणी करून राह्यला का?"

"न्हाई हो. पिसांची माशी करतो, तिला मासा फसतो."

"मंग खातो त्याला?"

"न्हाई, परत पाण्यात सोडतो."

मावशींनी कोंबडा काखेत घट्ट धरला. "खायचा न्हाई, तर छळतो कशाला?"

मी रिकाम्या हातानं परतलो. पुढच्या रविवारी जुन्या माशीवर धरलेले दोन मासे त्यांना नेऊन दिले. मावशींनी ते हातात तोलले अन् कोंबडा माझ्यापुढं केला.

"घे. पण हळू उपट, दुखतं त्याला."