दोन स्वतंत्र साक्षीदार

(दक्षिण फ्रान्समधलं ओब्राकचं पठार. सकाळी अकराची वेळ. मार्सेलिनच्या गोठ्यापुढचं अंगण. तूलूझहून आलेली सरकारी तपासनीस बेरेनीस समोर वही उघडून बसली आहे.)

बेरेनीस : राग मानू नका मार्सेलिनबाई, पण तुमचा आणि ओदिलबाईंचा जबाब शब्द न् शब्द जुळतो. आकाशात काहीतरी अनोळखी दिसलं असं कुणी कळवलं की आम्हाला स्वतंत्र साक्षीदार लागतात. तुम्ही दोघींनी आपसात बोलून लिहिलं असेल, तर मला हे प्रकरण रद्द करावं लागेल.

मार्सेलिन : बोलून? मी? तिच्याशी? अहो, ओढ्यापलीकडे ते हिरव्या दाराचं घर दिसतंय ना? अकरा वर्षं झाली, त्या दिशेला तोंड करून मी शिंकलेसुद्धा नाही.

बेरेनीस : सख्खी बहीण ना तुमची?

मार्सेलिन : सख्खी, धाकटी आणि बिनडोक.

बेरेनीस : मग हे कसं? तुम्ही लिहिलंय, 'किटलीएवढी, चांदीसारखी, लाजल्यासारखी डुलत होती.' त्यांनीही तेच. इतके जबाब वाचले मी, पण लाजणारी वस्तू पहिल्यांदाच भेटली.

मार्सेलिन : ते आईचं बोलणं. नवं वासरू, दोरीवरचं धुणं, पाद्रीबाबांची टोपी, तिच्या लेखी सगळं लाजून डुलायचं. एका आईच्या पोरी आम्ही, वेगळे शब्द कुठून आणणार?

बेरेनीस : हे अहवालात कसं लिहू मी?

मार्सेलिन : असंच लिहा. तुमच्या साहेबांना आई असेलच की.

बेरेनीस : आणि अबोला कशावरून? साक्षीदारांचे संबंध नोंदवावे लागतात.

मार्सेलिन : आई गेली तेव्हाची गोष्ट. तिचा निळा झगा होता, सणावाराचा. मला बजावून ठेवलेलं, जाताना हाच घाला. मी धारा काढून पोचते तर हिनं राखाडी घातलेला, आणि शवपेटीचं झाकणही लावून टाकलेलं. का म्हणून विचारलं, तर ही गप्प. मग मीही गप्प.

बेरेनीस : बरं. आता एक मोजमाप राहिलंय. ती वस्तू पहिल्यांदा कुठे दिसली ते तुम्ही इथून दाखवा, त्या तिथून दाखवतील. दोन रेघा जिथे मिळतील तिथे ती होती. सकाळी मी त्यांच्याकडे होकायंत्र ठेवून आलेय. फोन लावते, स्पीकरवर. तुम्ही फक्त माझ्याशी बोला हं... हॅलो, ओदिलबाई?

ओदिल : हो हो, उभीच आहे मी, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. काटा जरा थरथरतोय बाई. दोनशे चाळीस दिसतंय.

मार्सेलिन : तिला सांगा, चष्मा लाव म्हणावं.

ओदिल : तिला सांगा, लावलाय.

मार्सेलिन : सांगा, लांबचा लावून घेतला असशील. मुंगीएवढे आकडे त्यातून कसे दिसायचे?

ओदिल : ...अगं बाई. लांबचाच आहे. थांबा हं, बदलते. दोनशे दहा.

बेरेनीस : छान. मार्सेलिनबाई, तुम्ही बोट दाखवताय ती दिशा इथून एकशे साठ. आता हात लांब करून मूठ धरा. डोंगराच्या कडेपासून किती मुठी वर होती?

ओदिल : एक.

मार्सेलिन : एक. जास्त नाही.

बेरेनीस : म्हणजे नकाशावर रेघा मिळतात त्या इथून तीनशे मीटरवर, आणि वस्तू जेमतेम पन्नास मीटर उंच. त्या दिवशी खालच्या गावात लग्न होतं. मला वाटतं, चंदेरी फुगा असावा.

मार्सेलिन : फुगा?

ओदिल : फुगा?

मार्सेलिन : आम्ही जन्मात फुगे पाहिले नाहीत की काय?

ओदिल : आणि फुगा वाऱ्याच्या उलट जातो का गं ताई? वारा उत्तरेचा होता. माझी चादर उडून पार ओढ्यात पडली. आणि ते तर उत्तरेकडेच गेलं.

मार्सेलिन : बरोब्बर! माझ्या चुलीचा धूरसुद्धा उलटा घरात शिरत होता. लिहा बाई, वाऱ्याच्या उलट. खाली दोन रेघा मारा.

बेरेनीस : लिहिते. पण तुम्ही दोघी एकमेकींशी बोलताय.

मार्सेलिन : ...साक्षीपुरतं.

ओदिल : ताई.

मार्सेलिन : काय?

ओदिल : निळा झगा तिच्या अंगावर राहिना गं. शेवटी शेवटी एवढीशी झाली होती. खांद्यावरून सारखा घसरायचा. तू तिला तसं पाहू नयेस असं वाटलं मला. म्हणून राखाडी घातला आणि झाकण लावलं.

मार्सेलिन : आणि हे सांगायला तुला अकरा वर्षं लागली?

ओदिल : तू सगळ्यांसमोर ओरडलीस. माझी जीभच उचलेना. मग दिवस गेले, तसं आणखीच अवघड होत गेलं.

मार्सेलिन : ...ओरडले खरी. फार ओरडले.

बेरेनीस : मी... मी वही आवरते. त्या दिवसाच्या वाऱ्याची नोंद मागवते. ती येईपर्यंत प्रकरण उघडं राहील.

ओदिल : पोरी, माझ्याकडे जेवून मग तूलूझला जा ना. बटाटे उकडलेत, चीज कालचंच आहे. दोन्ही मिळून अलिगो करतेय. घोटायला मात्र खांदा साथ देत नाही आता.

मार्सेलिन : हात लावू नकोस तू! गुठळ्या करून ठेवशील. बाई, गाडीतल्या पुढच्या सीटवर तुमची कागदं आहेत ना, ती मागे टाका.

बेरेनीस : टाकते की. पण जेवून मी तशीच तूलूझला निघणार. तुम्ही परत कशा याल?

मार्सेलिन : ते आमचं आम्ही बघू.