घटका बुडायच्या आधी

कुणी म्हटलं, "बापू, जावातली डच भाषा बोला की," तर मी अजून चहाच्या बशीत तोंड घालतो.

जावा बेटावरच्या लढाईवरनं परत आलो त्याच महिन्यात हिर्डोशीला बहिणीचं लगीन व्हतं. नवरा-नवरी पाटावर उभी, मधी अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता. भटजी मुहूर्ताची घटका, म्हंजी पाण्यात सोडलेली भोकाची वाटी, बुडली का ते बघायला आत गेलेले. मामा म्हणाले, "तवर तुझं डच ऐकव की रं!"

तिकडच्या ठेसनाच्या पाटीवरचा हातभर लांब शब्द मला येत व्हता. एका डच शिपायानं शिकवलेलं की तुकडे पाडायचे अन् शेवटाला दम लांबवायचा. म्या छाती फुगवून सूर लावला, "स्पोर... वेख... मात... स्खाप... पैऽऽऽ!"

मागच्या बायांना निस्ता सूर कळला. मंगलाष्टकाचं 'सावधान' झालं असं वाटून त्यांनी अक्षता टाकल्या, ते बघून वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला अन् बहिणीनं हार घालून टाकला.

भटजी धावत बाहेर आले. "अहो, मुहूर्ताआधी लग्न कुणी लावलं?"

सगळ्या मांडवानं माझ्याकडं बोट केलं. वडलांनी तर तोंडच फिरवलं.

भटजींनी विचारलं, "मंत्र कुठला म्हणालास रे?"

मला मान वर करवेना. म्हटलं, "मंत्र न्हाई, बुवा. रेल्वे कंपनी."