मोतिया की बदामी

मी मूळचा अहमदपूरकडचा. शाळा म्हणाल तर दुसरी, पण कोणाच्या दारात हात पसरून कधी उभा ऱ्हायलो न्हाई. घर मातीचं. दसऱ्याच्या आदी आमची मालकीण पांढऱ्या मातीनं भिती पोतारायची, मी बाहेर बसायचो, रंग कंचा पायजे असं मला जलमात कोणी इचारलं न्हाई. औंदा ती गेली अन् लेकानं मला लातूरला आणलं, म्हणला अण्णा, वर एक खोली काढलीय तुमच्यासाठी. मी म्हणलं चार दिस ऱ्हातो अन् जातो.

तर काय सांगू तुम्हाला, रंगवाल्या सलीमनं त्या खोलीच्या भितीवर दोन पट्टे मारून ठेवले, एक मोतिया, एक बदामी, अन् लेक म्हणला अण्णा, तुम्ही सांगाल तो. मी सकाळी बघितले, दुपारी बघितले, दुधात चहा जरा कमी पडला का जास्त, एवढाच फरक. रंग सांगितला की खोली माझी झाली, अन् खोली माझी झाली की गावच्या घराला कायमचं कुलूप, हे मला कळून राहिलं होतं. सलीम म्हणायचा चाचा, बोलो ना, ब्रश सुकून राहिला. सून म्हणायची मामा, रंग बघून राहिले का भितीला नवरा बघून राहिले?

शेवटी मी म्हणलं, माणूस गेल्यावर वरीस होईस्तोवर घराला रंग लावत न्हाईत, आपल्यात तसंच हाय. सून हाताचं पीठ झटकत म्हणली, मामा, आत्याबाई गेल्या गावच्या घरात, ते पाळायचं त्या घरानं, ही खोली तर त्यांनी बघितलीबी न्हाई.

बोलली ते खरंच होतं. राग आला न्हाई, रडू आलं न्हाई, काईच आलं न्हाई. काठी उचलली अन् जवळ होता त्या पट्ट्याला टेकवली. सलीम म्हणला अच्छी पसंद हाय चाचा.

लेक गावाकडं जाऊन माझी बाज घेऊन आला, घराची किल्ली माझ्या हातात दिली. मी ती सुनेकडं दिली, म्हणलं असू दे तुझ्याकडं.

आता त्याच खोलीत बसून तुमच्याशी बोलून राहिलो. सून दोन टाइम ताट आणती, लेक येऊन बसतो, त्यांचं भलं होवो. हा मोतिया हाय का बदामी, ते तुमचं तुम्ही बघा, मला सांगू नका.