सात हत्ती आणि चार पडदे

मंडळी, ऐका! आज अवघड काही विचारणार नाही. एवढंच सांगा — आपल्या माणसाला एखादी गोष्ट द्यायची, तर ती उत्तम द्यावी, की वेळेवर द्यावी?

"दोन्ही!" म्हणाला कुणीतरी. वा! मागच्या रांगेतला आवाज. हातात मोबाइल असला की माणूस असा आत्मविश्वासानं बोलतो. ठेवा तो खाली. आजची कथा अशाच पडद्यांची आहे, पण आपल्या गावातल्या.

आपल्याच सोलापुरात, या मार्कंडेयाच्या देवळापासून चार गल्ल्या पलीकडे, अंबादास येलदी राहतो. चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढून देतो. त्याचे वडील लक्ष्मय्या — घरात सगळे त्यांना नाना म्हणतात — चाळीस वर्षं हेच काम चौकटीच्या कागदावर करायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. पेन्सिलीनं चौकटी भरायच्या, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, मग ती कार्डं मागावर चढायची. हजारो चादरी झाल्या. पण एक राहिली. सात हत्तींची मिरवणूक! कारखानदार म्हणाला, "लक्ष्मय्या, हत्ती कोण पांघरणार?" कागद गुंडाळून ट्रंकेत गेले.

आणि मग एका उन्हाळ्याच्या शेवटी नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "नजर कडेकडेनं मिटत येईल. गेली ती परत येत नाही. सहा-आठ महिने धरा."

घरी येऊन नानांनी ट्रंक उघडली. "अंबादास, हे एकदा अख्खं बघायचंय. तुकडे नको, पूर्ण मापात. रंग मी अजून ठरवला नाही. बघितल्यावर ठरवीन."

मागितलं का काही? फक्त बघायला मागितलं!

अंबादास हळवा झाला. आणि मंडळी, शिकलेला माणूस हळवा झाला की आधी दुकानात जातो. त्यानं ठरवलं, चार मोठे पडदे भिंतीवर लावायचे, दोनावर दोन, आणि त्यावर अख्खी चादर!

बायको पद्मा म्हणाली, "अहो, माझ्या भावाचा माग रिकामाच आहे. विणून घ्या की एक. आठ-दहा दिवसांचं काम."

"विणली की रंग पक्का झाला," अंबादास म्हणाला. "इथं बटण दाबलं की रंग बदलतो. नानांना हवे तेवढे दाखवीन."

बरोबर होतं की नाही? शंभर टक्के! आपली घोडचूक नेहमी अशीच बरोबर असते.

दुकानदार बिराजदार भला माणूस. म्हणाला, "चित्रच दाखवायचंय ना? चार पडद्यांची जोडणी असलेलं एक साधं ग्राफिक्स कार्ड न्या. तुमच्या कॉम्प्युटरच्या आहे त्या मदरबोर्डवर बसतंय. संध्याकाळी चालू."

"साधं?" अंबादास म्हणाला. "वडलांसाठी घेतोय ओ!"

झालं! साधं नको म्हणून भारी कार्ड. उद्या सहा पडदे लावावेसे वाटले तर? म्हणून दोन भारी कार्डं. दोन कार्डांना दोन लांब खाचांचा मदरबोर्ड हवा. कुठला? हा चांगला, पण तो त्याहून चांगला. श्रावण आला नि गेला, अंबादास तुलना करतोय.

नाना विचारायचे, "किती कार्डं लागतात रे तुझ्या यंत्राला?"

"दोन, नाना."

"दोनच? मला दोन हजार लागायची. तरी महिन्यात चादर निघायची."

नाना टोमणा मारत नव्हते बरं का. हिशोबच लागत नव्हता त्यांना.

दसऱ्याला माल आला. पहिलं कार्ड बसवलं, ते एवढं जाड की दुसरी खाच त्याच्याखाली झाकूनच गेली! दुसरं शिरेना. बिराजदार म्हणाला, "एकच ठेवा की, चारही पडदे चालतात त्याच्यावर." अंबादास म्हणाला, "छे! आणलंय ना दुसरं?" मोठा मदरबोर्ड मागवला. तो कॉम्प्युटरच्या जुन्या पेटीत मावेना. नवी पेटी मागवली. त्या दिवसांत नाना जेवताना ताटाच्या कडेची चटणी हातानं शोधायला लागले होते. पद्मानं पाहिलं. अंबादासनंही पाहिलं, आणि तो पुन्हा पेटीचं माप घ्यायला उठला.

संक्रांतीनंतर चारही पडदे लागले. सात हत्ती झगझगीत! अंबादासनं नानांना हात धरून समोर उभं केलं.

नाना मान वळवत राहिले. "दिवा लावलायस का रे? कुठंतरी उजेड वाटतोय."

"नाना, हत्ती आहेत समोर."

नानांनी हात पुढे केला. काच चाचपली, एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेली बोटं, मधे अडखळली. "इथं फट आहे," म्हणाले. "चार तुकडेच आहेत की हे."

अंबादास तडक मेव्हण्याकडे गेला.

मग चादर विणली. मेव्हण्याच्या मागावर. किती दिवस लागले, माहितीये? नऊ! चादर नानांच्या मांडीवर ठेवली. चाळीस वर्षांची बोटं ती, धाग्याचा उठाव वाचत निघाली. "एक... दोन..." सात मोजले. "सोंड बरोबर आलीय. ऊबही चांगली आहे." मग विचारलं, "रंग कुठला टाकलास?"

"तांबडा, नाना."

नानांनी चादरीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बरं." आणि घडी घालता घालता, अगदी हळू — "मी निळा टाकला असता."

मंडळी, अंबादासच्या भिंतीवर ते पडदे अजून आहेत. बटण दाबलं की हत्ती निळे होतात. क्षणात! तो दाबतो कधीकधी. बघायला कुणी नसतं.

या देवळात बसलोय आपण. मार्कंडेयासाठी काळ थांबला. अंबादाससाठी थांबला नाही, आणि तुमच्या-माझ्यासाठीही थांबेल असं मला वाटत नाही. तेव्हा टाळ उचलण्याआधी एवढं आठवा, घरी कुणी काय बघायला मागितलंय? आणि आपण कुठल्या दुकानात अडकलोय?

आठवलं ज्यांना, त्यांनी आरतीला थांबू नका. देव समजून घेईल. निघा!