भागूबाईच्या बरगड्या

...आणि वर मला म्हणतो कसा, "बाबा, तुम्ही आर्टिस्ट आहात!" आर्टिस्ट! अरे, दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, चाळीस वर्सं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यावर नावं छापली, तव्हा सगळे मला 'ए छाप्या' म्हणून हाका मारायचे, आडते बी, हमाल बी, आणि आता पंचाहत्तरीला आलो, गुडघे गेले, काम गेलं, तव्हा मी आर्टिस्ट! ...बसा हो, काहून उठता? गाडी कुठं आलीय अजून? मुकुंदवाडीच्या या फलाटावर गाडी टायमाला आली असं मी तरी बघितलं नाय, आणि मी रोजच येतो इथं. नाय, जायचं कुठं नाय मला. बसायला येतो.

तर तुम्हाला सांगतो, पोत्यावर छाप मारायचा म्हणजे आधी साचा कापावा लागतो. पुठ्ठ्याचा केला तर रंगानं भिजतो, पातळ प्लास्टिकचा केला तर उन्हात वाकडा होतो. साचा पाहिजे एक्स-रेच्या फिल्मचा! भंगारवाल्याकडून दवाखान्याच्या जुन्या फिल्मा आणायच्या आणि ब्लेडनं त्यात अक्षरं कापायची. अर्ध्या जिल्ह्याच्या छात्या मी कापल्यात, खोटं नाय सांगत! फुलंब्रीच्या कुणाचा मोडलेला हात, त्यात मी 'तूर' कापली. मला वाचता कमी येतं, पण कापता सगळं येतं. 'व' चं पोट कापताना मधी दांडी ठेवावी लागते, नायतर पोटच गळून पडतं... हे त्या पोराला कळलं नव्हतं! तेच तर इचारायला आला होता माझ्याकडं.

पोरगा म्हणजे ऋतुराज. कॅनॉटच्या बाजारात त्याचं कपड्याचं दुकान हाय. कसलं कपड्याचं... शर्ट असा की एकात दोन माणसं मावतील, बाही कोपराच्या खाली, खांदा दंडावर! म्हणलं, "तुझ्या टेलरला टेप दिसत नाय का?" तर हसतो. म्हणे, "बाबा, ओव्हरसाइज असतं ते. स्ट्रीटवेअर!" रस्त्यावर घालायचे कपडे म्हणे. मग आम्ही आजवर कुठं घालत होतो, झाडावर? तर यानं दुकान सजवायला जुनी पोती आणली, त्यावर माझा छाप बघितला, 'हूक मारू नये', हमाल लोकांसाठी असतं ते, पोत्यात आकडा घालू नका म्हणून. आणि याला येड लागलं! इन्स्पिरेशन! इचारत इचारत घर काढलं माझं. सोबत एक अफजल म्हणून, भिंतीवर डब्यानं रंग फवारतो तो. तो बी आर्टिस्ट! सगळंच गाव आर्टिस्ट, पोतं उचलायला कुणी नाय!

"बाबा, आपण कोलॅब करू," म्हणे. कोलॅब म्हणजे काय, तर तू बी कर, मी बी करतो, दोघांचं नाव शर्टावर. 'हूक मारू नये' एवढंच पाहिजे, छातीवर. मोजा तुम्ही. हू, क, मा, रू, न, ये. सहा अक्षरं. माझा एका दुपारचा खेळ!

मी लावला दीड महिना.

हसू नका. रोज तीन वाजता यायचं ते पोरगं. मी अडीचला चहाचं आधण ठेवायचो. चटई झटकून टाकायची, ब्लेड घासायचं, चष्मा शोधल्यासारखं करायचं, मग मोंढ्यातल्या चार गोष्टी सांगायच्या, तो मोबाइलवर टिपून घ्यायचा. माझं बोलणं! माझा लेक सोमनाथ, पुण्याला असतो, त्याला फोनवर दोन वाक्यं झाली की त्याची मिटिंग लागती. आणि हा पोरगा म्हणतो, "बाबा, परत सांगा ना, हमालांचं ते." मग कोण कशाला घाई करतो? 'क' ला आठ दिवस लावले. अफजल एकदा वैतागला, "चाचा, एक हर्फ को आठ दिन? इत्ते में तो मैं पूरा पुल रंग देता, क्या बोलते!" म्हणलं, "तू रंगव बाबा पूल, पावसात जाईल तुझा. माझा छाप पोतं फाटलं तरी जात नाय."

अहो बसा, बाई, पिशवी खाली ठेवा. गाडी आली की तिचं ती बोंबलती.

तर पाच अक्षरं झाली आणि फिल्म संपली. आता फिल्म मिळत नाय. दवाखानेवाले छातीचा फोटो मोबाइलवर पाठवतात म्हणे. भंगारवाला म्हणला, "कडूबा, कोणत्या जमान्यात हायेस?" म्हणून मी ट्रंक उघडली, एखादा तुकडा असला तर बघू. ऋतुराज शेजारीच बसलेला. आणि खालून पाकीट निघालं, पिवळं.

भागूबाईचं.

भागूबाई म्हणजे माझी बायको. नऊ वर्सं झाली जाऊन. खोकला धरला होता, तव्हा काढलेला एक्स-रे. फोटो म्हणाल तर तिचा तोच. दुसरा नाय हो! लग्नात कोण काढतो फोटो आमच्यात? पुढं कुणी मोबाइल वर केला की ही तोंडावर पदर घ्यायची. एक आधार कार्डावर होता, ते कार्ड कागदपत्रं करायला सोमनाथनं नेलं, ते नेलंच. तर मी काय करतो, संध्याकाळी ऊन खिडकीत आलं की ती फिल्म काचेला लावतो. सगळी दिसती. डावीकडची चौथी बरगडी जरा वाकडी हाय, म्हशीनं लाथ मारली होती तिला. दुसऱ्या कुणाची छाती असती तर मला वळखू आली असती का?

तेवढ्यात हे पोरगं उठलं, फिल्म माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि वरडलं, "बाबा! हेच! हेच पाठीवर छापू! पुढं 'हूक मारू नये', मागं बरगड्या! काय भारी जाईल!"

तुम्हाला सांगतो, माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "ठेव खाली! माझ्या बायकोच्या बरगड्या कॅनॉटमधी फिरवतोस व्हय रे? डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाय तिनं, आणि तू तिचं काळीज उघडं टाकतोस बाजारात? चल नीघ!" पोरगं पांढरं पडलं. "सॉरी बाबा, मला माहीत नव्हतं," म्हणलं, चप्पल घातली आणि गेलं. चहा तसाच. साय धरली त्यावर.

दुसऱ्या दिवशी अडीचला आधण ठेवलं. नाय आला. तिसऱ्या दिवशी बी ठेवलं. दोन कप. बारा दिवस, रोज दोन कप, आणि दोन्ही मलाच! पित्त झालं! म्हणलं, येत नाय तर नाय, गेला उडत. आणि तेराव्या दिवशी फिल्म टॉवेलात गुंडाळली अन् कॅनॉटला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, काहून? एवढा तमाशा केला अन् आपणहून गेला? ...भागूबाईला इचारलं मी. खिडकीला लावून इचारलं. ती काय बोलणार? पण नऊ वर्सं ती बोलली नाय आणि मी बोलतोय, हे मला त्या बारा दिवसांतच कळलं ना!

दुकानात गेलो. म्हणलं, "घे. छाप. आणि ते शेवटचं अक्षर राहिलंय, उद्या ये तीनला."

तो खाली बघायला लागला. "बाबा, ते झालं. तुमच्या पाच अक्षरांचे फोटो मोबाइलमध्ये होते, ते कॉम्प्युटरला दिले, सहावं त्यानं काढलं." दाखवलं बी. 'मा' कापताना माझा हात जरा सटकला होता, तर त्या कॉम्प्युटरनं सहावं बी तसंच सटकलेलं काढलं! माझी चूक सुद्धा शिकला तो, आणि चहा न पिता! मग पोरानं फिल्म दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला, खोटं काहून बोलू, दिव्यापुढं धरली, मोबाइलनं टिचकी मारली आणि परत टॉवेलात गुंडाळून दिली. "झालं बाबा." एक मिनिट! एक मिनिटात झालं! मी म्हणलं, "दुसऱ्यांदा काढ, हलली असंल." म्हणे, "नाही बाबा, एकदम क्लिअर आली." आली असंल. खोकला असून बी श्वास धरून उभी राहिली होती, डॉक्टरनं सांगितलं तितका वेळ.

मग काय, शर्ट निघाले, धडाधड खपले. पोरं-पोरी घालून फिरतात. ऋतुराज येत नाय आता. बिडकीनला कुणी बाई गोधड्या शिवते, तिच्याकडं बसतो म्हणे. इन्स्पिरेशन! मी इचारलं अफजलला, किती वाजता बसतो? तो म्हणला, "तीन बजे." तिला सांगा कुणी, म्हणावं बाई, टाके हळू घाल.

बसा हो, दोनच मिनिटं. मला बी दिला एक शर्ट. कॅनॉटलाच चढवला, घरी येताना सिटी बसमधी बसलो. असा ढगळा, की वारं शिरलं की मी अर्धी सीट व्यापतो. मागून एक जण आला, शेजारी टेकला. चांगला माणूस होता, म्हणलं चला, बोलायला झालं कुणी. तो म्हणला, "बाबा, पाठीवर काय काढलंय हे?"

म्हणलं, "बायको हाय माझी."

तर गडी उठलाच, पार मागच्या सीटवर जाऊन बसला.

म्हणलं, बरं झालं. दोघांना जागा झाली.