देवाशी अबोला

बाबा : ...आणि नाकाखालची सावली पूस. मिशा फुटल्यासारख्या दिसतात तिला.

मी : फुटू देत. सकाळपासून हिच्याच भुवया काढते आहे. बाबा, इतक्या वर्षांत तुम्हाला दुसरा चेहरा सुचला नाही का हो?

बाबा : कपड्यांच्या दुकानदारांना हाच लागतो. धाकटीचा चेहरा लावला की पुतळा हातोहात जातो. मी काय करू?

मी : काही करू नका. कॉलेजातल्या मुली मला येऊन सांगतात, मॅडम, तुमची बहीण आज रेनकोटात आहे. परवा म्हणे झोपायच्या कपड्यांत उभी होती, भर बाजारात, काचेआड.

बाबा : तू नाही बघत?

मी : मी मागच्या रस्त्याने जाते.

बाबा : तो लांब पडतो. पाय दुखत असेल.

मी : पाय घरी बसूनही दुखतो. हे डोकं झालं. पुढचं द्या.

बाबा : थांब, याची शिवण घासायची राहिली आहे. साचा जुना झाला, जोडावर फार फायबर बाहेर येतं. पॉलिश पेपर दे तो. तो नाही, बारीक. हं. काल तुझ्याविषयी बोललो मी.

मी : कोणाशी? डॉक्टरांशी?

बाबा : देवाशी.

मी : काय म्हणाले?

बाबा : तो कुठे काही म्हणतो. मीच बोलतो. त्याला म्हटलं, मोठी अजून रागावली आहे तुझ्यावर, जरा बघ.

मी : मी रागावलेली नाही. मी मानत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाबा : असतील.

मी : आहेतच. बाबा, मी इतकीशी असताना रोज झोपताना डोळे मिटून मागायचे, की सकाळी माझे दोन्ही पाय सारखे असू देत. सायकल नाही मागितली, बाहुली नाही. एवढंच. रात्रीमागून रात्री. शेजारच्या अंथरुणात धाकटी प्रार्थनेच्या पहिल्या ओळीला घोरायला लागायची. आणि सकाळी धावायचं कोण?

बाबा : धाकटी.

मी : पहिलं यायचं कोण?

बाबा : तीच.

मी : आणि गणितात?

बाबा : अगं, कळलं.

मी : रूप तिला, पाय तिला, डोकं तिला. डॉक्टरही तीच झाली. निदान तिला थोडी मठ्ठ तरी करायची! मी म्हटलं असतं, चला, वाटून दिलंय, कोणाला हे, कोणाला ते. तेवढीही लाज राखली नाही त्याने.

बाबा : वाटणी चुकलीच आहे.

मी : काय?

बाबा : चुकलीच आहे म्हटलं. बरोबर आहे असं मी कधी म्हणालो?

मी : तुम्ही तर उठल्याबसल्या त्याचे आभार मानता.

बाबा : मानतो. आणि ही चूकही दाखवतो, तू जन्मलीस तेव्हापासून. त्याला स्पष्ट सांगितलंय, माझ्या हातून एक पाय आखूड असलेला पुतळा गेला असता, तर गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवला असता.

मी : म्हणजे मला परत पाठवायला निघाला होतात.

बाबा : तुला कोण परत देतो! तुझ्या आईने तर नर्सलाही हात लावू दिला नव्हता. ऐक, मोठ्या बाई. का असं केलं, ते मला कळलेलं नाही. कळल्याचं सोंगही मी आणणार नाही. पण तुझं हे न मानणं मला पटत नाही. तू अबोला धरला आहेस. अबोला कोणाशी धरतो आपण? रस्त्यावरच्या माणसाशी धरतो का?

मी : हे तर्कात बसत नाही.

बाबा : तर्कात बसवायला मास्तरीण तू. मी पुतळेवाला. भांड त्याच्याशी, तोंडावर भांड, काय वाटेल ते बोल. अबोल्यात माणूस एकटं पडतं गं. मी आहे तोवर ठीक आहे.

मी : आणि तो काही बोलला नाही तर?

बाबा : तुझी आई तरी सगळ्याची उत्तरं कुठे द्यायची? संसार झालाच ना.

मी : विचार करते.

बाबा : विचार नको करूस. विचार फार करतेस तू.

मी : बरं, आधी ही पापणी होऊ दे. हात हलला तर हिला डोळे आल्यासारखं दिसेल.

बाबा : होऊ दे, होऊ दे. घाई कोणाला आहे? चहा टाकू?

मी : टाका. आणि साखर कमी. तुमच्यासाठी सांगते आहे, माझ्यासाठी नाही.

(पुढचा आठवडा, तोच कारखाना. दोघी बहिणी. बाबा त्याच रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत.)

धाकटी : ताई, काहीतरी बोल. सकाळपासून तू त्या स्टुलावर, आणि समोर ही सगळी माझी डोकी. मलाच भीती वाटायला लागली आहे.

मी : रंगवायची राहिली आहेत. ओठ नाहीत कोणाला.

धाकटी : ती मोठ्या दुकानाची बाई फोनवर रडली. खरंच रडली. मग नाक पुसून विचारलं, राहिलेले पुतळे मिळतील ना?

मी : रीतसर दुःख झालं म्हणायचं.

धाकटी : चांगली आहे गं ती. म्हणाली, मध्ये दुसऱ्या कारखान्याचे पुतळे घेऊन पाहिले, पण ते पहारेकऱ्यासारखे उभे राहतात, अंगावर कपडा खुलत नाही. तुमच्या बाबांच्या पुतळ्याला जी उभं राहण्याची ढब आहे, ती कोणाला जमत नाही. तिला पुढेही तीच हवी आहे. मी म्हटलं, ताईला विचारून सांगते.

मी : मला कशाला विचारायचं? ढब तुझी.

धाकटी : माझी?

मी : मग कोणाची?

धाकटी : ताई, बाबांनी तुला सांगितलं नाही? इतक्या वर्षांत? मला वाटलं, कधीतरी सांगून टाकलं असेल.

मी : काय सांगितलं असेल?

धाकटी : माझं फक्त डोकं आहे गं. मानेपासून वर. खाली सगळी तू आहेस.

मी : हे बघ, मला बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलू नकोस. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतेस तसा आवाज लागला आहे तुझा.

धाकटी : काहीबाही नाही! तो पहिला मातीचा पुतळा आठवतो? मोठी सुट्टी होती. मला त्या पाटावर उभं करायचे.

मी : आठवतं. न आठवायला काय झालं? तुला आत पाटावर, आणि मला दारात. ‘आत येऊ नकोस, खाली माती आहे, घसरशील. तिथेच दारात थांब.’ सुट्टीभर मी दारात उभी राहून तुला घडताना बघितलं. मला तेव्हाच समजलं होतं, की बघण्यासारखं काय आहे आणि दाराबाहेर ठेवण्यासारखं काय आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा दोष नव्हता.

धाकटी : तू चौकटीला टेकलीस की बाबा काय ओरडायचे?

मी : रंग ओला आहे म्हणून.

धाकटी : सुट्टीभर ओला होता का गं रंग?

मी : मग कशाला ओरडायचे?

धाकटी : टेकलीस की उभं राहणं बिघडायचं म्हणून ओरडायचे. माझ्याकडे बघून नाक-डोळे करायचे आणि बाकी सगळा वेळ माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायचे. आधी मलाच उभं करून पाहिलं होतं. मी उभी राहायचे कशी, तर शाळेच्या प्रार्थनेला उभी राहते तशी. बाबा म्हणाले, खांब झाला. मग म्हणाले, मोठीसारखी उभी राहून दाखव. मी खूप प्रयत्न केला, जमेना. माझी डावी टाच उचलली की मी काटा मोडल्यासारखी दिसायचे. तुला जमायचं, कारण तुला दुसरं काही येतच नव्हतं. म्हणजे... असं नाही म्हणायचं मला.

मी : म्हण. खरं आहे.

धाकटी : सगळं अंग उजव्या पायावर, डावी टाच जराशी वर, आणि डावा हात कमरेवर.

मी : कमरेवर हात मी ऐटीत नाही ठेवत. तिथे दुखतं. दाबून धरलं की बरं वाटतं.

धाकटी : माहीत आहे मला. पण बघणाऱ्याला कुठे माहीत आहे?

मी : मग मला का नाही सांगितलं?

धाकटी : बाबा घाबरले. म्हणाले, तिला वाटेल बापाने माझ्या दुखण्याचा धंदा केला. मला म्हणाले, तू बोलायचं नाही, मी सांगेन. मग आज सांगतो, उद्या सांगतो.

मी : आणि मी इतकी वर्षं नुसती डोकी रंगवली.

धाकटी : तू कधी धडाकडे बघितलंच नाहीस?

मी : धडं माझ्याकडे येतच नाहीत. घासून, रंग मारून परस्पर बांधली जातात. आणि दुकानात बघायला मी त्या रस्त्याने जायला हवं ना!

धाकटी : तिथे कापडाखाली एक आहे. काढू?

मी : नको.

धाकटी : काढते.

मी : सांभाळून. खाली ठेवताना आधी उजवा पाय टेकव.

धाकटी : डोकं लावू का?

मी : नाही. डोकं नको. तशीच राहू दे. बाजूला हो, उजेड अडतो आहे.

धाकटी : काय झालं? ताई?

मी : काही नाही. बघू दे.

धाकटी : रडते आहेस का?

मी : अगं, ही कुठेतरी निघाली आहे. बघ ना. नुसती उभी नाही. कोणीतरी हाक मारली तर म्हणेल, थांब, मला काम आहे. मी... मी अशी दिसते?

धाकटी : शाळेपासून. मी तुझ्या मागून चालायचे ना, मला वाटायचं ही भांडायलाच निघाली आहे.

मी : आणि मला वाटायचं, लोक बघतात ते कीव येऊन.

धाकटी : काही जण कीव करतही असतील. सगळे नाही.

मी : म्हणजे आता काय समजायचं? पुतळ्यांच्या अंगावर कपडे खुलावेत म्हणून देवाने माझा पाय आखूड केला? फारच दूरदृष्टीचा म्हणायचा. दुकानदारांची इतकी काळजी!

धाकटी : मी तसं म्हटलं का?

मी : कोणीतरी म्हणेलच. उद्या भेटायला येणारे म्हणतील, बघा, त्याच्या मनात काहीतरी होतं. मी सांगून ठेवते, जो असं म्हणेल त्याला मी चहा देणार नाही. पाय दुखतो. आजही दुखतो आहे. त्याचं कारण हे नाही. हे बाबांनी केलं.

धाकटी : मला विचारू नकोस गं. मी रोज लहान मुलांच्या वॉर्डात फिरते. एकाच दिवशी जन्मलेली दोन बाळं असतात, शेजारी शेजारी. एक घरी जातं. मी काय सांगू आईबापांना? मीही गप्पच बसते. आणि ताई, मला जे जास्त मिळालं ते मी मागितलं नव्हतं.

मी : मीही कमी मागितलं नव्हतं.

धाकटी : बक्षीस घेऊन घरी आले की तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायचीस. मी बक्षीस दप्तरातच ठेवायचे. ज्याला मिळतं त्यालाही कळत नाही गं, याचं करायचं काय.

मी : एवढी वर्षं मला वाटलं, तुला ते कळलंच नाही.

धाकटी : मला गणितात सगळं कळायचं. घरातलं तेवढं कळणार नाही?

मी : ये, बस इथे. पाटावर नको, माझ्याजवळ बस.

धाकटी : त्या बाईंना काय कळवू?

मी : म्हणावं, ढब मिळेल. साचा आहे, आणि जिच्यावरून केला तीही इथेच आहे. नवा पुतळा मी करीन.

धाकटी : तू? तुला माती येते?

मी : नाही येत. शिकीन. या वेळी दारात कोणी उभं राहणार नाही, आरसा आत आणायचा. आणि चेहराही दुसरा असेल. तुझा बघून बघून कंटाळा आला आहे मला.

धाकटी : चालेल! मलाही बाजारातून जाताना लाज वाटते, मेली कधी कशात असते कोण जाणे. ताई, हसलीस.

मी : हसले. आणि आता मला बाबांना सांगायचं आहे, की मी बघितलं. त्यांना ओरडायचंही आहे, आधी का नाही सांगितलं म्हणून. मला आभार मानायचे आहेत, धाकटे, आणि मानायला समोर कोणी नाही. आहे ना अवघड?

धाकटी : कोणी नाही?

मी : तूही बाबांसारखी सुरू होऊ नकोस.

धाकटी : मी काहीच बोलले नाही.

मी : मला आता ती प्रार्थना आठवत नाही. पहिली ओळसुद्धा नाही.

धाकटी : मला तर कधीच पुढची आली नाही. मी बाहेर जाऊ?

मी : बस. तुझ्यासमोरच बोलते. ऐकतो आहेस का रे? नसशील तरी चालेल, मी बोलणार आहे. मी मोठी. खूप वर्षांनी बोलते आहे, तर गोड बोलेन अशी आशा ठेवू नकोस. पाय आखूड दिलास. का दिलास ते मला पटलेलं नाही, आणि यापुढे तू येऊन समजावलंस तरी मी लगेच मान डोलावणार नाही. हिला सगळं दिलंस आणि हिलाही सांगितलं नाहीस, त्याचं करायचं काय. बाबांना न सांगता नेलंस. तेव्हा वाटणी चुकली आहे तुझी. बाबा रोज सांगायचे, आता मी सांगेन. पण आज एक दुसरंही सांगायचं आहे. हे मी कोणाजवळ बोललेले नाही, तुझ्याजवळही नाही, आणि आरशासमोर तर नाहीच नाही. मी सुंदर उभी राहते. बाबांनी ते पाहिलं होतं. आता मीही पाहिलं.