उसनं रडणं

सिल्लोडच्या गाडीसाठी सिडको बसस्थानकावर रांग लागली होती. रांगेत उभ्या सोमनाथच्या पुढं एक म्हातारी नातीजवळ कडाडत होती.

"सख्ख्या बहिणीच्या मातीला गेले, तर भाच्यानं तोंडावर हात ठेवला माझ्या!"

"आजी, हळू. लोक बघायलेत."

"बघू दे! 'मावशी, हे फ्लॅट हाय, गावाकडल्यावानी हेल काढू नका,' म्हणला. आन् भाड्याची भजनी मंडळी बसवली हॉलमधी. त्यांचे टाळ चालतात, माझं रडणं चालत नाय?"

"आजी, आम्हाला नाटकाच्या वर्गात शिकवलं. जुन्या ग्रीक लोकांत याला दोन शब्द होते. बोलावलेले गाणारे मेलेल्यासाठी सुरात म्हणायचे, ते थ्रेनोस. घरच्यांचं आतून येणारं रडणं, ते गोऑस."

"मंग माझं गोऑस. ते का बंद केलं?"

"तिथंही केलं होतं. बायकांनी ऊर बडवून रडू नये, असा कायदाच होता अथेन्समध्ये."

"केला कुणी? गड्यांनीच ना?"

"हो."

"ते मेले तवा कोण रडलं?"

तेवढ्यात गाडी लागली. पायरीवर पाय ठेवताच म्हातारीनं गळा काढला.

"चतुराबाई माझी गं, मला एकलीला सोडून कुठं गेलीस गं..."

"ओ आजी, गाडीत आवाज नको!" कंडक्टर ओरडला.

नात गर्रकन वळली.

"रडू द्या तिला! आता कुणी तोंडावर हात ठेवून बघा."